पेटीचा गरम कोपरा परत न आणण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
बिनतारी संच विभाग,
हेब्बाळ रस्ता, बंगलोर.

विषय : संचातला माझा पत्रा सोमवारी काढू नये.
संदर्भ : माझे आधीचे दोन इंग्रजी अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

आपण घरी मराठी बोलता असं कळलं, म्हणून तिसरा अर्ज मराठीत, बोलतो तसाच लिहितोय. थकलोय साहेब, चुकलं तर सांभाळून घ्या.

१. आपल्या संचाच्या पेटीचा उजवा कोपरा आतल्या व्हॉल्व्हमुळे सत्तर अंशांपर्यंत तापायचा. संच उचलणारे कल्लाप्पा दोनदा भाजले. मी आतून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवला, व्हॉल्व्हपासून पार दुसऱ्या कडेपर्यंत. उष्णता तेवढीच आहे, पण आता पेटीभर सारखी पसरते. कुठेही हात ठेवा, चव्वेचाळीस अंश.

२. मग तक्रार आली. तपासणीसाठी संच आठ तास चालू असतात, आणि आख्खा विभाग त्या कोपऱ्यावर जेवणाचे डबे ठेवायचा. आता डबे नुसते कोमट होतात. तपासणीतल्या सगळ्यात जुन्या अनुसूयाक्का म्हणाल्या, "सगळ्या पेटीला ऊब वाटलीस, आमच्या डब्यालाही स्वल्प ठेवायची होतीस की रे." त्या दिवसापासून माझ्यासोबत कुणी जेवायला बसत नाही. कल्लाप्पासुद्धा नाहीत.

३. म्हणून मी कार्यालयाकडे विभागासाठी शेगडी मागितली. कार्यालयाने कळवलं, डबे गरम करायची सोय आधीच आहे, दुसरी मिळणार नाही. सोय म्हणजे तो कोपरा. तो आता तापत नाही असं मी लिहून दिलं, तर हुकूम निघाला : सोमवारपासून पत्रे काढा, सोय पूर्ववत करा.

४. साहेब, हे संच जंगल खात्याच्या नाक्यांवर जातात. तिथला माणूस संच मांडीवर घेऊन तासन्‌तास बोलतो. तिथे कोपऱ्यावर डबा नसतो, खाली मांडी असते.

५. मीही दोन वर्षं माझा डबा तिथेच ठेवलाय, गरम सारभाताची किंमत मला कळते. तेव्हा पत्रे राहू द्यात आणि एक शेगडी द्यावी. तेही जमत नसेल, तर एकच संच बिनपत्र्याचा विभागात कायमचा ठेवा. 'फक्त डब्यांसाठी' असं त्यावर मी स्वतः रंगवून देतो. तो तेवढा बाहेर जाऊ देऊ नका.

उत्तराची तिसऱ्यांदा वाट पाहणारा, आपला नम्र,
प्राणेश भीमाचार्य गलगली
कनिष्ठ तंत्रज्ञ
शुक्रवार, १४ जून १९६३

सोबत :
१) पत्र्याचा नकाशा.
२) कल्लाप्पांच्या भाजलेल्या हाताचा दवाखान्यातला कागद. मी मागितला नव्हता. आज जेवणाच्या सुट्टीत ते आले, माझ्या टेबलावर ठेवून गेले.