उजव्या मनगटाची नाडी

झांगशू,
९ ऑक्टोबर १९८६

चि. सुहंग हीस,
उत्तरेकडे तोंड करून बाबांचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. सव्वा पान हवा, अर्धं पान कोबी आणि शेवटी 'तब्येत सांभाळा'. हार्बिनमध्ये थंडीसाठी घराघरांत किती कोबी साठवतात हे मला आता तोंडपाठ झालंय. एखाद्या पत्रात स्वतःबद्दलही चार ओळी लिहीत जा.

इथं औषधी मुळ्यांची जत्रा नुकतीच उठली. अख्ख्या गल्लीला अजून दालचिनीचा आणि वाळवलेल्या संत्र्याच्या सालींचा वास आहे. तुझ्या श्युंग काकींचा गुडघा पुन्हा धरलाय. रोज सकाळी त्यांचं शेवयांचं दुकान उघडण्याआधी सुया टोचून घ्यायला येतात आणि तेवढ्या वेळात सगळ्या गावाच्या बातम्या देऊन जातात. माणसाला गप्प करणारी जागा शरीरावर नाही, नाहीतर पहिली सुई मी तिथंच टोचली असती, असं त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि आणखी बोलल्या. त्या गेल्या की दुपारपर्यंत घरात आवाज असतो तो फक्त खलबत्त्याचा.

आता कामाचं. गान नावाचे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. वय एकोणसत्तर. महिनाभर डोकं गरगरतं, कानात रातकिडा ओरडल्यासारखं होतं, एका हाताची बोटं बधिर असतात. जीभ जांभळट आहे आणि बाहेर काढली की किंचित एका बाजूला झुकते. डाव्या मनगटाची नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते, आणि कोपराच्या बाजूच्या तिसऱ्या बोटाखाली, म्हणजे मूत्रपिंडाच्या जागी, अगदी दोऱ्याएवढी बारीक. अंगावरून वारं जाण्याची ही आधीची पावलं आहेत, हे तुलाही दिसेल. तू काय दिलं असतंस? उत्तरेच्या थंडीत तुझी बुद्धी गोठली की शाबूत आहे, ते बघायचंय.

जावयांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो जरा शब्दांतही दिसू दे.

तुझे
बाबा


हार्बिन,
२१ ऑक्टोबर १९८६

ती. बाबांना,
तीन दिवसांच्या आगगाडीएवढ्या अंतरावरून सुहंगचा सा. न. वि. वि.

स्वतःबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्यात, म्हणून लिहिते. तुमचे जावई देवेई ऑगस्टपासून जमिनीच्या मोजणीसाठी डोंगरात गेलेत, नववर्षाआधी येत नाहीत. मी एकटी आहे आणि जिन्यात साठ किलो कोबी आहे. शेजारीण चांगली आहे, पण माझं बोलणं तिला कळत नाही. दक्षिणेची माणसं तोंडात भात ठेवून बोलतात, असं ती म्हणते.

रुग्णालयात आमचा विभाग मागच्या इमारतीत आहे. पुढच्या इमारतीत यंत्रं. यंत्रांना ज्यांच्यात काही सापडत नाही ती माणसं शेवटी माझ्याकडे येतात. परवा एका आजींची नाडी बघून झाली तरी त्यांनी हात काढून घेतला नाही. मीही तो तसाच धरून ठेवला. रांगेतल्या लोकांनी कुरकुर केली.

तुमच्या गानसाहेबांबद्दल. वैद्यबुवा, तुम्ही अर्धाच रोगी पाठवलात. डाव्या मनगटात हृदय, यकृत आणि मूत्रपिंड, हे खरं. पण उजव्याचं काय? बळ किती उरलंय ते उजवं मनगट सांगतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. उजवी नाडी पोकळ असेल तर बळ वाढवायला हुआंगछीची मुळी भरपूर हवी, सोबत रक्त मोकळं करायला गांडूळ. पण ती भरलेली असेल आणि यकृताचा वारा वर चढत असेल, तर हीच मुळी त्यांना त्याच दिवशी आडवं करेल. त्यांना मग वारा खाली उतरवायला तियानमाचा कंद आणि शेवंती द्यावी लागेल. शिकत असताना एकच मनगट बघून मी उठले असते, तर तुम्ही माझ्या हातावर पट्टी मारली असती.

उजव्याचं कळवा. त्यांच्या घरी कोण असतं, खाणं काय, तेही कळवा. पत्राने बघता येत नाही, ऐकता येत नाही, नाडी धरता येत नाही. विचारणं तेवढं हातात आहे.

माया असू द्यावी.

आपली
सुहंग


झांगशू,
२ नोव्हेंबर १९८६

चि. सुहंग हीस,
बाबांचे अ. आ., त्यात एक जास्तीचा, कारण बुद्धी शाबूत निघाली.

तू म्हणतेस ते बरोबर. उजवं मनगट राहिलंच. त्या दिवशी गर्दी होती. गान पुन्हा आले की बघून कळवतो, पण तोवर तू अंदाजाने काहीतरी लिहून पाठव. मी पारखून घेईन.

त्यांच्या घरी कोणी नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली. खाणं म्हणजे सकाळी केलेला भात दोन वेळा, सोबत मुळ्याचं लोणचं. एक मुलगी आहे, लांब असते. तिला कळवा असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, तिच्या मनात माझ्याविषयी एक गोष्ट रुतून बसलेली आहे, आणि ती उगाच नाही. आजारपणाची वर्दी देऊन तिला बोलावणं म्हणजे माफीसाठी लाच देण्यासारखं. मला त्यांचं पटलं.

दुकानात जरा पसारा झालाय. मांजराच्या धक्क्याने हातातला औषधं तोलायचा काटा पडला, ज्येष्ठमध आणि पुदिना एकमेकांत मिसळले. श्युंग काकींनी निवडायला मदत केली आणि वेळ भरून काढण्यासाठी तीन लग्नांची हकीगत सांगितली. हल्ली दुपारी फळ्या लावून घेतो. माणसं कमी येतात.

कोबीला बुरशी धरू देऊ नकोस. अधूनमधून गड्डे फिरवत जा. तुझ्याकडून आलेलं पत्र मी दोनदा वाचतो, म्हणून ते जरा मोठं असलं तर बरं.

बाबा


हार्बिन,
११ नोव्हेंबर १९८६

ती. बाबांना,
सुहंगचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते वाचलं, घडी घातली आणि रुग्ण बघायला बसले. समोर एक म्हातारे होते. मी उजव्या हाताने त्यांचं डावं मनगट बघितलं, मग त्याच हाताने उजवं. आणि तिथंच थांबले.

समोरच्या माणसाची दोन्ही मनगटं एका हाताने बघता येतात, बाबा. गर्दी असो नाहीतर दुष्काळ असो, मनगट बदलायला कितीसा वेळ लागतो. एका हाताने एकच मनगट बघता येईल असा रोगी जगात एकच असतो, तो म्हणजे आपण स्वतः. उजव्या बोटांनी आपलं डावं मनगट बघता येतं. उजवं बघायला डावी बोटं लागतात. गानसाहेबांची उजवी नाडी तुम्हाला मिळत नाही, कारण तुमच्या डाव्या बोटांना काही कळेनासं झालंय. काटा मांजराने पाडला नाही. आपल्याकडे मांजर नाही. आईला चालत नव्हतं.

मी तिथंच रडले. म्हाताऱ्यांना वाटलं, त्यांचं काही खरं नाही. त्यांना समजावता समजावता अर्धा तास गेला.

मला तुमचा फार राग आला आहे. दोन महिने तुम्ही अंगावरून वारं जायची वाट बघत बसलात आणि मला कोडं घातलंत. तुमच्या मनातलं माझ्याही मनात आहे, म्हणून लिहूनच टाकते. आई गेली तेव्हा दारात उभी राहून मी तुम्हाला म्हणाले, की घरच्या माणसाला वैद्याने हात लावायचा नसतो, तुम्ही लावलात. त्यानंतर मी घरी आले नाही आणि पत्रांत कोबी लिहीत राहिले. मी बोलले ते चूक होतं की बरोबर, हे मला अजून ठरवता येत नाही. पण तुम्ही एवढे दिवस त्या घरात एकटे जेवलात, याला मी जबाबदार आहे.

औषध मी लिहून देणार नाही. तोच नियम मलाही लागू आहे. हे पत्र मिळताच जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन रक्तदाब बघा. श्युंग काकींना मी वेगळं लिहिलं आहे. स्वतःच्या मनाने एकही मुळी उकळू नका. मी रजा काढली आहे, २६ तारखेला पोचते. मला खरं तर भीती वाटते. नाडी बघताना मीच चुकले तर?

येते. तोवर सांभाळा, बाबा.

सुहंग


झांगशू,
१८ नोव्हेंबर १९८६

सुहंग बाळ,
श्युंग काकीचे आशीर्वाद. पोस्टातल्या लेखनिकाकडून लिहून घेतेय, तेव्हा चांगलं चांगलंच लिहीन.

तुझं पत्र काल आलं. वाचून घेतलं आणि तशीच दुकानाच्या फळ्या लावून तुझ्या बाबांकडे गेले. म्हणाले, रुग्ण येतील. म्हटलं, कुठले रुग्ण, पंधरा दिवस मी एकटीच येतेय आणि माझा गुडघा कधीचा बरा झालाय. तुम्ही दिवसभर कोणाशी बोलत नाही म्हणून येते. त्यावर त्यांनी जोडे घातले. तिथल्या डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून पंप मारला आणि आकडा बघून मलाच ओरडला, इतके दिवस काय करत होता म्हणून. मी ऐकून घेतलं. गोळ्या दिल्यात. माझ्यासमोर घेतात. गोळीला वास नाही, चव नाही, असल्या वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा, असं दर गोळीला म्हणतात आणि गिळतात. दोन्ही वेळचं गरम जेवण माझ्याकडून जातं.

तू ये. बाकी समोर बोलू. लेखनिक म्हणतोय कागद संपला.

तुझी
श्युंग काकी


झांगशू,
१९ नोव्हेंबर १९८६

चि. सुहंग हीस,
पकडल्या गेलेल्या म्हाताऱ्याचे अ. आ.

हे पत्र तू निघण्याआधी पोचेल की नाही माहीत नाही, म्हणून विमानाच्या टपालाने टाकतोय. गान मीच. शोधून काढलंस तेव्हा आधी शरम वाटली आणि मागाहून फार अभिमान वाटला. पन्नास वर्षांत इतकं चांगलं निदान माझ्याकडूनही झालं नसेल.

दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर तरुण आहे, हुशार आहे. त्याने पट्टा बांधला, पण माझ्या हाताला त्याचा हात लागला नाही. घरी येताना लक्षात आलं, की आयुष्यभर मी दिवसाला तीस-चाळीस माणसांचे हात हातात घेतले, आणि तुझी आई गेल्यापासून माझा हात कोणीही घेतलेला नाही. हे तुला सांगायचं नव्हतं. पण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

घरच्यांना हात लावू नये, हा नियम बरोबर आहे. तू दारात म्हणालीस तेही बरोबर होतं. ठरवायचं राहिलं असेल तर ठरवून टाक. आता लिहितो ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. आईच्या छातीत दुखू लागलं त्या सकाळी मी तिची नाडी धरली. भरलेली लागली, जोरदार, बोटं उचलून टाकील अशी. मला धीर आला. अंगात उष्णता वाढली आहे असं ठरवून मी थंड औषधं दिली. विझती नाडी सावरणाऱ्या जिनसेंगला हात लावला नाही. दोन दिवसांनी ती गेली. तिला पोचवून आल्यावर मी टेबलाशी बसलो होतो, बोटं सवयीने लाकडावर टेकलेली. आणि मला टेबलाची नाडी लागली. तशीच भरलेली, तशीच जोरदार.

ती माझीच होती गं. भीतीने माझंच रक्त बोटांच्या टोकांशी ठोके देत होतं आणि मी ते तिचं समजलो. तिची नाडी खाली कुठंतरी विझत चालली होती, ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

चार वर्षं मी त्या टेबलावर बोटं टेकवत नाही. तू मात्र टेकव. उजवं मनगट तूच बघायचंस, दुसऱ्या कोणाला मी देणार नाही. गोळ्या चालू राहतील, दवाखाना राहील, तू म्हणशील ते सगळं करेन. तू येशील त्या सकाळी मी चहा पिणार नाही, म्हणजे जिभेचा रंग खरा दिसेल. रुग्णांच्या बाकावर बसेन. तू माझ्या खुर्चीत बस.

तुला भीती वाटेल, वाटणारच. आल्या आल्या माझा हात घेऊ नकोस. आधी तुझी तीन बोटं टेबलावर ठेव आणि थांब. टेबलाचे ठोके थांबेपर्यंत थांब, कितीही वेळ लागो. मग माझा हात धर.

बाबा