चार बोटं रबर

४ फेब्रु., मंगळ.
आज आईनं बारामतीला यायला साफ नकार दिला. मणक्याच्या ऑपरेशननंतरचा व्यायाम, आठवड्यातून दोनदा, आणि चौथ्याच खेपेला बाई हटून बसली. "तुझ्या गाडीत बसण्यापरीस उसाच्या ट्रॉलीत बसलेली बरी. हाडं खिळखिळी व्हत्यात." अर्धी रजा फुकट. डॉक्टरांनी बजावलंय, व्यायाम सोडला तर पाठ अशीच आखडून राहणार. रविवारी विहारात सगळ्या बायका मांडी घालून वंदनेला बसल्या आणि आई दाराशी भिंत धरून उभी. मला बघवलं नाही.

६, गुरु.
शाळा सुटल्यावर इंदापुरात टायरच्या दुकानात. दुकानदार म्हणे, "मॅडम, याहून रुंद टाका, काय लूक येतो बघा!" अहो, लूक घालायचाय का चुलीत? आईची पाठ बघायचीय. तशीच परत आले.
ही सतरा इंची मॅगव्हील, चकचकीत मोठ्या रिमांची चाकं, मीच हौसेनं बसवली होती. गाडी घेतली त्याच महिन्यात. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या खिडकीतून बघत उभी राहायचे. हौस माझी, पाठ आईची. हे कुणाला सांगणार…

८, शनि.
बारामतीत टायरवाल्या शेखभाईंकडे. माणूस फटकळ, पण कामाचा. चाकापाशी उकिडवे बसले, रिमच्या खाली बोटं धरली. "ताई, हितं चार बोटं रबर हाय. खड्डा सोसायचा कुणी? रबरानं का म्हातारीनं?" रिम हीच ठेवून उंच टायर घालू का, विचारलं. आत घासेल म्हणाले. रिमच लहान घ्यायची: पंधरा इंची, साधी लोखंडी, त्यावर १८५/६५ मापाचा उंच टायर. रबर सहा बोटं. फोटो काढला मॅगव्हीलचा, उगीचच.

९, रवि.
बसवली. गाडी अगदी सरकारी दिसतेय. पण येताना काय मऊ! बेलवाडीजवळचा खड्डा कळलासुद्धा नाही.
आबांनी सोमेश्वरनगरला तीस वर्षं उसाचा ट्रक चालवला, तेव्हा लेकीच्या गाडीची परीक्षा ते घेणारच. एकेका चाकाला लाथ मारून बघितली. "बरी हायत. गरीब दिसत्यात, पर बरी हायत."
आईला सांगितलं, शुक्रवारी जायचं. "बघू" म्हणाली. म्हणजे अर्धा होकार.

१४, शुक्र.
सणसरपर्यंतच गेलो. आईनं दोन्ही हातांनी सीट आवळून धरलेली, ओठ दाताखाली. प्रत्येक खड्डा थेट आत. मला काही कळेना, रविवारी तर लोण्यासारखी चालत होती! गाडी वळवली. उतरताना म्हणाली, "तुझी नवी चाकं तुलाच लखलाभ." आता पुन्हा बसणार नाही म्हणते.
जेवले नाही.

१५, शनि.
शेखभाईंशी भांडायलाच गेले होते. त्यांनी शांतपणे चाकाला हवेचा मीटर लावला. "पंचेचाळीस! मी बत्तीस भरून दिलेली. एवढी कुणी ठासली? टायर दगड झालाय."
कुणी, ते तिथंच कळलं. आबा. परवा गाडी धुऊन आणतो म्हणून घेऊन गेले होते. आधीही प्रत्येक खेपेच्या आदल्या दिवशी न्यायचे. मला वाटायचं, काय हौस आहे धुण्याची!
हवा बत्तीस करून घेतली.

संध्याकाळी आईच्या कानावर घातलं. आई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय मला."
"ठावं हाय?"
"ड्रायव्हरची बायको हाय मी. बूड टेकल्याबरुबर कळतंय."
मग बोलली का नाहीस? तर म्हणे, "मऊ टायर लोडखाली फुटतंय, ही भीती हाय त्यास्नी. एकदा ट्रकचं फुटल्यालं बघितलंय त्यांनी. ऑपरेशनपास्नं माझं समदं तूच करतीस. माज्यासाठी त्यास्नी करता यीतं असं ह्ये एवढंच. तू बोलायचं न्हाय त्यांच्याजवळ. शब्द दे."
दिला. इतका राग आला दोघांचा, आणि रडूही आलं. एकानं हवा भरायची, दुसरीनं सोसायचं, पाठ गेली तरी चालेल. आणि मी खुळी रिमा बदलत हिंडतेय!

१६, रवि.
सकाळी आबांनी किल्ली मागितली. धुवायची म्हणे. मी म्हटलं, मी पण येते.
पंक्चरच्या दुकानात त्यांनी चाकावर मूठ मारली. "पार बसल्यात की. हवा कुणी काढली?"
"मी. बत्तीसच राहू दे, आबा."
"आन् फुटलं मंजी? ती आत आसताना?"
"हा ट्रक नाही, आबा. मागं ऊस नसतो."
हवेची नळी हातात धरून उभे राहिले. मग हळूच, "तिला माज्यामुळं तरास व्हतोय व्हय?"
नाही म्हणायला पाहिजे होतं. आईला शब्द दिलेला. मी वाकून चाकाचं टोपण घट्ट करत राहिले, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. नळी खुंटीला अडकवली.
येताना पुढं बसले नाहीत. मागं, आईच्या जागेवर. स्पीडब्रेकर आला तसं म्हणाले, "सावकाश नगं. नेहमीवानी घे." घेतला. "परत घे." पुन्हा मागं जाऊन घेतला. असं तीनदा. तिसऱ्यांदा आरशात बघितलं तर पाठ सीटला टेकवून डोळे मिटून बसलेले. "बत्तीसला ह्ये आसं, मग पंचेचाळीसला…" म्हणाले.
घरी आल्यावर चपला न काढताच आईच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. तासभर झाला. मध्ये एकदा आईचा आवाज चढला. चहा करून ठेवलाय, दार वाजवायचा धीर होत नाही.
मंगळवारी बारामतीला येतेस का, हे आईला विचारायचंय.