गिळलेली चूळ

फेल्डहोवन, नेदरलँड्स, बुधवार, २० मे २०२०

पोलिसांना फोन निखिलने केला होता. माझ्या नवऱ्याने! आणि मी आठवडाभर समोरच्या म्हाताऱ्यावर संशय घेऊन त्याला शिव्या घालतेय.

शेजारची वाकियो केनियाची. तिची आई तिकडे वारली, कोरोनामुळे विमानं बंद, जमायलाही बंदी, म्हणून बागेत चार माणसं जमवून रडली बिचारी. तर दारात पोलीस.

आज ती निळा कप घेऊन कुंपणाशी आली. म्हणाली, "आमच्याकडे मानतात, राग पोटात ठेवला की पाऊस बिघडतो, दुसऱ्यांची मुलं आजारी पडतात. म्हणून तो बाहेर टाकायचा." मग, "ज्याने कळवलं त्याचं भलं होवो," म्हणून कपातल्या पाण्याची चूळ भरली आणि लांब गवतावर फुंकली. मला रडूच आलं.

जेवताना हे सांगितलं, तर निखिल पोळी मोडत म्हणाला, "मीच कळवलं. नियम म्हणजे नियम." म्हणजे रोज माझ्या शिव्या हा गप्प ऐकत होता? माझ्यासमोर बसून?

आत्ता सिंकपाशी मीही कप भरला. निळा नाही, आमचाच. भलं होवो म्हणायचं आणि फुंकायचं, एवढंच तर होतं.

चूळ भरली. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून निखिलने विचारलं, "चहा टाकतेस का?"

गिळून टाकली.