रिकामं एंटर

रेवदंडा, मंगळवार संध्याकाळ

आज घोळ झालाच. कामाची, बँकेच्या मेनफ्रेमची, म्हणजे मुख्य संगणकाची, चार सेशन्स लॅपटॉपवर चार खिडक्यांत उघडी होती आणि नितीनला मोबाइलवर पाठवायचं ‘जेवलास का?’ मी चौथ्या सेशनमध्ये टाइप करून एंटर दाबलं. मशीन लगेच म्हणालं, ही कमांड ओळखीची नाही. आधी हसू आलं, मग रडू. निदान मशीनने उत्तर तरी दिलं!

नितीनची बोट खोल समुद्रात आहे. सासूबाई म्हणाल्या, “तिथं रेंज न्हाय, माहीत हाय ना तुला? मंग कशाला लिवतेस गो?”

त्यांना कसं सांगू? बराच वेळ काही दाबलं नाही की सेशन आपोआप तुटतं. म्हणून काम नसलं तरी मी अधूनमधून रिकामं एंटर मारत राहते.

आत्ताही विचारलं, जेवलास का. एकच टिक.