आईचा मासा

३ मार्च
चुकलीय! आई चुकलीय! तीस वर्षं सगळ्यांनी माना डोलावल्या. दगडात चपटा झालेला हा मिशीवाला मासा तिनेच शोधला, तिनेच नाव दिलं, समुद्री कुळात बसवला. आज मी त्याच्या छातीच्या पराचा काटा पूर्ण मोकळा केला. मागच्या कडेचे दाते ठळक, वळलेले—थेट नदीतल्या कुळासारखे!

४ मार्च
संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले, "असेलही खरं. पण पुढच्या महिन्यात तुमच्या आईंचा सत्कार आहे. पत्रिकेवर तोच मासा छापलाय. तोवर कळ काढा."
मी म्हटलं, "मासा पाच कोटी वर्षं थांबला. मी नाही थांबणार!"

७ मार्च
आईच्या पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून जेवतानाच सांगितलं. ताट सारलं तिने. "तू जन्मायच्या आधीपासून बघतेय मी त्या माशाकडे."
"म्हणूनच दिसत नाही तुला."
जरा जास्तच लागलं तिला. तरी शब्द मागे घेणार नाही.

८ मार्च
मावशीचा फोन—"आईशी भांडायला तुला मासाच मिळाला?"
हो. मासाच!

१४ मार्च
आई चहा करते, पण कप आदळते. मीही आदळते.

१९ मार्च
संग्रहालयाच्या कपाटात मासा नाही! शिपाई म्हणाला, "मोठ्या बाईंनी खाली नेला." निवृत्त झाली तरी तिचं टेबल अजून खालच्या खोलीत आहे. दार आतून बंद. आत दगडावर सुईची खरखर. काय करतेय—काटा खरवडून टाकतेय? दार बडवलं.
"काम चाललंय."
एवढंच! वर आले आणि 'मासा नदीचाच' म्हणणारा माझा शोधनिबंध नियतकालिकाला पाठवून दिला. होऊ दे काय व्हायचं ते.

२२ मार्च
आईने खाली हाक मारली. निबंध पाठवल्याचं मी आधीच सांगून टाकलं. काटा जिथल्या तिथे. दगड पालथा घालून तिने मागची बाजू कणाकणाने उकरली होती—वरच्या जबड्याचं हाड. आजच्या जवळजवळ सगळ्या मिशीवाल्यांत ते म्हणजे मिशी पेलणारी नुसती बोडकी काडी. याच्यात त्यावर दात! म्हणजे समुद्री नाही, नदीचाही नाही. दोन्ही कुळं फुटण्याआधीच वेगळी झालेली फांदी.
"मी चुकले," आई म्हणाली. "आणि तूही. निबंध परत मागव. आता सरक, खालचा जबडा उकरायचाय."