खिडकीतला फलक

आत्या,

१. मागच्या सोमवारी तुझ्या संस्थेला नोंदणी कार्यालयाची नोटीस आली: एका उमेदवाराने पाण्याचा मुद्दा उचलला आहे, म्हणून हा प्रचार ठरतो; मतदानापर्यंत पाणी-तपासणीचा फलक उतरवा, नाहीतर नोंदणी रद्द होईल.
२. मंगळवारी तू फलक उतरवलास आणि अध्यक्षपदाचा राजीनामा दिलास.
३. बुधवारी तोच फलक तुझ्या घराच्या खिडकीत लागला.

"मतदान होऊन जाऊ दे," असं मी म्हटलं होतं. तू हसलीस. "अगं शहाणे, तोवर मुलांनी तहान धरून ठेवायची का? तोंड संस्थेचं बांधलंय, माझं नाही."

शाळेच्या नळाच्या पाण्यात शिसं मर्यादेच्या तिप्पट आहे. तपासणी माझी, पण फलकाखाली नाव फक्त तुझं. माझी सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी टिकावी म्हणून तू माझं नाव गाळलंस आणि मी गप्प राहिले. बावीस वर्षं राबून उभी केलेली संस्था वाचावी, म्हणून तू तीच सोडलीस. इतकं सरळ वागणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. हे तुझ्या तोंडावर सांगणं मला जमत नाही. हे पत्रही दोन दिवस पाकिटातच होतं; आज ते उघडून पुढचं लिहिते आहे.

खिडकीतल्या फलकाबद्दल तक्रार झाली आहे. या शुक्रवारच्या सुनावणीत तपासणी कोणी केली, हे विचारतील. मी येऊन सांगू का? गुरुवारपर्यंत कळव.

तुझी भाची