मागं बसलेली बाई

२ डिसेंबर
चंद्रपूरहून मालेगावात येऊन पोचले एकदाची. पदमचंदजींच्या कापड दुकानावरची खोली झकास आहे. ऊन भरपूर, आणि मुख्य म्हणजे रेंज भरपूर. घरमालकीण हीराबाईंनी चहासोबत पापड दिले, दहा मिनिटांत मला 'सुकेशनी बेटी' करून टाकलं आणि खोलीत कांदा-लसूण शिजवायचा नाही, हे गोड शब्दांत दोनदा सांगितलं.

काम माझ्या आवडीचं. पाच गावांतल्या बचत गटांच्या बायकांना ग्रामसभेत बोलायला शिकवायचं, तेही ऑनलाइन, दुपारी दोनला. एका गावाला एक फोन, त्याच्यासमोर सहा-सात जणी दाटीवाटीनं. संस्थेतले म्हणतात, इथल्या बायका तोंड उघडत नाहीत. बघू या. माझ्या कार्यशाळेतून आजवर कोणी गप्प उठून गेलेलं नाही.

४ डिसेंबर
पहिली मिटिंग मस्त रंगली. माझा नेहमीचा खेळ घेतला: आपलं बोलून झालं की दुसरीचं नाव घ्यायचं. जिचं नाव आलं तिनं 'जी' म्हणून बोलायचंच. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरच्या रामीबाई म्हणाल्या, "म्याडम, आमाले बोलता येते, पन आमाले कोनी इचारतच नाई." तिथलीच संगीता पाण्याच्या टाकीवर असं काही बोलली की सरपंचाला घाम फुटावा. इंझोरीची निता मात्र लाजरी. मांडीवर सहा महिन्यांची मुलगी, तिच्याशीच काय ते गुणगुणणं.

तांड्याच्या फोनवर अगदी मागं एक बाई होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. तिचं नाव कोणीच घेतलं नाही. अशा बाईला बोलतं करण्याचाच तर मी पगार घेते.

६ डिसेंबर
बोलली! "मागं बसलेल्या ताई, आता तुम्ही," असं तीनदा म्हटलं, तेव्हा कुठे. घोगऱ्या आवाजात एकच शब्द: "संगीता." संगीता 'जी' म्हणाली आणि पुढं काही सुचेना तिला. वेळही संपली. मी जाम खूश आहे.

९ डिसेंबर
संगीताची वाचा गेली म्हणे. आज मागची बाई घडाघडा बोलली, पाण्याच्या टाकीवर. संगीताच्या आवाजात. मला वाटलं, फोनची काही गडबड. मग तिनं रामीबाईंचं नाव घेतलं आणि त्या 'जी' म्हणाल्या.

१० डिसेंबर
तांड्यावर जाऊन आले. संगीता तोंड उघडते, आवाज नाही. रामीबाईंचंही तेच. संगीताचा नवरा धरमसिंग ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "तुमी तिले बोलाले लावलं. आता कायले आल्या?" मागं बसणारी बाई कोण, विचारलं. तो म्हणाला, मागं कोनी नसते. खरं आहे. बायका बसतात तिथं त्यांची पाठ भिंतीला लागते, मागं बोटभर जागा नाही.

तिला कोणी बोलावलं नव्हतं. मी बोलावलं.

११ डिसेंबर
मिटिंग रद्द केली. तरी दोनला सगळ्या हजर. रामीबाईंच्या आवाजात त्यांना निरोप गेला होता. मी घाईनं मिटिंगमध्ये शिरले. ती आता इंझोरीच्या फोनवर, निताच्या मागं. मी मिटिंग तोडली, निताला फोन लावला, नाव आलं तरी 'जी' म्हणू नका म्हणून विनवलं. ती म्हणाली, "तुमीच तं सांगतलं, नाव घेतलं का बोलाच लागते." मग म्हणाली, "बरं, आता तुमी म्हनसान तवाच बोलीन."

संस्थेतले म्हणतात, विश्रांती घ्या.

१२ डिसेंबर
बस चुकली. इंझोरी दूर. दोन वाजले, मिटिंग सुरू, बंद होत नाही —

त्या मागच्या बाईला म्हटलं, माझं नाव घे. निताची लेक लहान आहे. माझ्यामागं कोण आहे रडायला? घे माझं.

घेतलं. मी 'जी' म्हटलं. घशात काही उरलं नाही. भीती वाटते, पण निता वाचली —

नाही. नाही. ती बोलते आहे. माझ्या आवाजात. "चला, आज कोणी गप्प बसायचं नाही हं." पाचही गावांतल्या बायका हसून पुढं सरकल्या. निताचं नाव घेतलं — "निताताई, मी म्हणते ना, बोला" —

निता लेकीला सावरते, मान वर करते —

मी ओरडते आहे, काही निघत नाही. ही वहीच कॅमेऱ्यापुढं धरते, मोठ्या अक्षरांत —

निता ती मी नाही

निता जी म्हणू न